शंभरात चौदाच?

युनिसेफ आणि गॅलप यांनी २०२१ साली २१ देशांत एक पाहणी केली. आपल्याला वरचेवर उदास वाटतं किंवा कशातच रस वाटत नाही, असं भारतातल्या १५ ते २४ वयाच्या १४ टक्के मुलामुलींनी सांगितलं. २१ देशांचा मध्यांक १९ टक्के होता. म्हणजे आपली पोरं तुलनेनं मजेत, असं समजून पान उलटायला हरकत नव्हती.

पण त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता. मनाचा त्रास झाला तर कुणाशी बोलून मदत घ्यावी, की आपलं आपण निस्तरावं? मदत घ्यावी म्हणणारे सरासरी ८३ टक्के निघाले, भारतात ४१. इतर प्रत्येक देशात बहुमत मदतीच्या बाजूनं होतं.

ही दोन उत्तरं शेजारी ठेवूनच वाचायला हवीत. त्रास कुणाला सांगायचा नसतो, असं ज्याच्या मनात पक्कं बसलंय, तो मुलाखत घेणाऱ्या परक्या माणसाला का सांगेल? (शेजारी आई भाजी निवडत असेल, तर बोलायलाच नको.) राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत महाराष्ट्र पहिला होता. तेव्हा त्या १४ टक्क्यांना मी समाधानाचा आकडा म्हणणार नाही. त्यात न बोलणंही मोजलं गेलंय.

लोकांना बोलतं कसं करावं, यावर झिम्बाब्वेत नव्वदच्या दशकात एक चांगलं काम झालं. पुढे गोव्यात ‘संगत’ संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक असलेले डॉ. विक्रम पटेल तेव्हा हरारेत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी परदेशी प्रश्नावली शोना भाषेत उतरवली नाही. तिथले रुग्ण आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगत, त्यांतूनच १४ प्रश्न तयार केले. आज तिथल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या उपक्रमात बाकावर बसून लोकांचं मन ऐकून घेणाऱ्या आज्या तेच विचारतात. अशा पट्टीनं हरारेची ओस्लोशी तुलना जमत नाही, हे खरं. जमली नाही तर बिघडलं काय?

आपल्याकडची मुलं ‘टेन्शन’ म्हणतात, ‘डोकं जड झालंय’ म्हणतात, झोप येत नाही म्हणतात. तिथून विचारायला सुरुवात करा. आणि नाव, हजेरी क्रमांक लिहायला लावून वर्गशिक्षकांनीच गोळा केलेल्या प्रश्नावलीचे टक्के कृपया मला दाखवू नका.