मुंबईतील वायुप्रदूषणाचा आर्थिक भार

मुंबईतील वायुप्रदूषणाचा आर्थिक भार म्हणजे मुंबई व साष्टी बेटांवर वसलेल्या महानगरातील दूषित हवेमुळे होणारी आरोग्य, श्रम व उत्पादन यांची हानी. तिन्ही बाजूंनी पाणी असल्यामुळे समुद्री वारे येथील धूलिकण वाहून नेतात. हिवाळ्यात मात्र हे वारे मंदावतात आणि बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर व औद्योगिक उत्सर्जन जमिनीलगत साचते.

मोजमाप

'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ साली भारतात १६.७ लाख मृत्यू वायुप्रदूषणामुळे झाले. अकाली मृत्यू व आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन ३६.८ अब्ज डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के होते. त्यांपैकी २८.८ अब्ज डॉलरचा वाटा अकाली मृत्यूंचा होता. या पद्धतीत हानीचे मोल उत्पन्नावरून ठरते. त्यामुळे उघड्यावर राबणाऱ्या, अल्प वेतनाच्या मजुराची हानी प्रत्यक्षाहून लहान दिसते. मराठवाड्यातून मुंबईत आलेले अनेक कामगार याच वर्गात मोडतात.

माहुल प्रकरण

पूर्वी स्वतंत्र बेट असलेल्या तुर्भे (ट्रॉम्बे) भागातील माहुल येथे तेलशुद्धीकरण कारखान्यांलगत तानसा जलवाहिनीवरील विस्थापितांचे पुनर्वसन करण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, तेथे राहण्यास नकार देणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. १३ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने परिसरातील चार कंपन्यांना एकूण सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरण्यास सांगितले. प्रदूषणाची किंमत रुपयांत आणि विशिष्ट घटकांवर निश्चित झाल्याने हे प्रकरण महत्त्वाचे ठरते. एरवी ही किंमत औषधोपचार व बुडालेली मजुरी या रूपाने रहिवासीच भरतात.

उपाययोजना

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबईप्रमाणेच लातूरचाही समावेश आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महानगरपालिकेने बांधकामांसाठी धूळ नियंत्रणाचे नियम जारी केले. पत्र्यांचे उंच कुंपण व पाणी फवारणी यांचा खर्च विकासकावर पडतो. नियमांची अंमलबजावणी न झाल्यास तोच खर्च शेजारच्या वस्तीकडे सरकतो.