पंगतीतलं अकरावं पान

मंडळी, या सदराच्या लेखकाला गाड्यांचं वेड आहे, हे तुम्ही एव्हाना पोटात घातलंच आहे. यंदा तर विषय आपल्या दारातच आला. गेली दोन-तीन वर्षं डेट्रॉइट परिसरातल्या कुठल्याही मराठी पॉटलकमध्ये पुरुषमंडळींच्या घोळक्यात एक प्रश्न हमखास निघायचा : "काय हो, जीएम फॉर्म्युला वनमध्ये उतरणार का?" प्रत्येकाकडे आतली बातमी असायची आणि प्रत्येकाची बातमी वेगळी असायची. आता उत्तर मिळालं आहे. मार्च २०२६ मध्ये मेलबर्नला कॅडिलॅकच्या दोन गाड्या शर्यतीला उभ्या राहतील. मग पॉटलकमधला प्रश्न संपला का? छे! तो फक्त बदलला : "उतरली, पण टिकेल का?"

हा अंक भारतात वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी थोडी पार्श्वभूमी. २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये दहा संघ होते आणि मिळकतीतला ठरलेला वाटा त्या दहांत वाटला जायचा. अकरावा आला की पान वाढतं, लाडू तेवढेच राहतात. म्हणून नव्या संघाने आधीच्या दहांना भरपाई द्यायची असा नियम २०२१ च्या करारात होता. रक्कम २० कोटी डॉलर!

जानेवारी २०२३ मध्ये अँड्रेटी कुटुंबाच्या संघाने कॅडिलॅकला बरोबर घेऊन या पंगतीत बसायची इच्छा जाहीर केली. मारिओ अँड्रेटी १९७८ चे जगज्जेते. त्यांच्यानंतर आजवर एकाही अमेरिकन ड्रायव्हरला तो मान मिळालेला नाही. ऑक्टोबरमध्ये नियामक संस्था एफआयएने होकार दिला. पण व्यापारी हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ३१ जानेवारी २०२४ ला नकार कळवला. हा संघ स्पर्धेत टिकाव धरेल असं वाटत नाही, जीएम २०२८ मध्ये स्वतःचं इंजिन घेऊन आली तर वेगळा विचार करू, असं त्यांचं म्हणणं. मधल्या काळात त्यांनी भेटीचं आमंत्रण ईमेलने पाठवलं होतं, ते म्हणे अँड्रेटींच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला हे दुःख अपरिचित नाही.

पुढे मारिओ वॉशिंग्टनला गेले, काँग्रेसच्या सदस्यांनी पत्र लिहिलं, मारिओंचे चिरंजीव मायकेल संघाच्या सूत्रांपासून बाजूला झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तत्त्वतः आणि मार्च २०२५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास हे दोन अनुभवी ड्रायव्हर ठरले. पण गंमत बघा. ज्या इंजिनाच्या अटीवर एवढं रामायण झालं, ते जीएमचं स्वतःचं इंजिन येणार २०२९ मध्ये. तोवर गाडीत फेरारीचं इंजिन. घर आपलं, चूल शेजारची.

मोठ्या कंपन्या हा खर्च का करतात? एक कारण अर्थातच जाहिरात. दुसरं, २०२६ चे नवे नियम. गाडीच्या विद्युत मोटरची ताकद १२० किलोवॉटवरून थेट ३५० वर जाते आहे, आणि निम्म्याच्या आसपास जोर विजेचा असेल. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बॅटरीवर डोकं फोडणाऱ्या कंपन्यांना हे आपलंच काम वाटतं. आउडीही याच वर्षी उतरते आहे.

आता टिकण्याचं. इतिहास फारसा धीर देत नाही. शेजारच्या डिअरबॉर्नचंच उदाहरण घ्या. फोर्डने एक संघ विकत घेऊन त्याला जॅग्वार हे नाव दिलं, २००० ते २००४ चालवला आणि नाममात्र एका डॉलरला रेड बुलला विकून टाकला. त्याच संघाने २०१० पासून सलग चार वर्षं विश्वविजेतेपद मिळवलं. आणि २०२६ मध्ये फोर्ड इंजिनाची भागीदार म्हणून परत येते आहे ती कुणाकडे? त्याच रेड बुलकडे! होंडाने डिसेंबर २००८ मध्ये मंदीमुळे अंग काढून घेतलं. तो संघ पुढच्याच वर्षी ब्रॉन या नावाने जिंकला आणि नंतर मर्सिडीझ झाला. टोयोटा २००२ ते २००९ अशी आठ वर्षं पाण्यासारखा पैसा ओतून एकही शर्यत न जिंकता परतली.

मला यातून एक गोष्ट दिसते. मिल्टन कीन्स असो की ब्रॅकली, दारावरची पाटी बदलली, पण आतल्या कारखान्यातली कितीतरी हुशार माणसं तीच राहिली आणि तीच जिंकली. कंपनी येते ती संचालक मंडळाच्या ठरावाने आणि जाते तीही ठरावानेच. पुण्याच्या मंडळींना हे सांगायला नको. जीएमने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० अखेर तळेगावचा कारखाना बंद झाला, आता तिथे ह्युंदाईची पाटी आहे. तिथे मात्र पाटीबरोबर माणसं टिकली नाहीत, जुन्या कामगारांना नोकरीसाठी लढावं लागलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मित्राची मुलगी. यंदा इंजिनिअर झाली आणि तिला शर्यतीच्या गाड्यांवर काम करायचं आहे. आईचं म्हणणं, "काका, तुम्हीच समजवा. उद्या गुंडाळलं त्यांनी तर?" आपल्या निम्म्या घरांची चूल मोटारीच्या धंद्यावर पेटते, २००९ चं दिवाळं आपण जवळून पाहिलं आहे, त्यामुळे ही काळजी मला खोटी म्हणवत नाही. तरी मी तिला सांगितलं, जा. मात्र नोकरी पाटीकडे बघून घेऊ नकोस. जिथे खरोखर काही घडवलं जातं, चुकतं, मोडतं आणि रात्रीत पुन्हा उभं केलं जातं, अशा टेबलाजवळची खुर्ची माग. कंपनीने उद्या दुकान आवरलं, तरी हातातली विद्या तिला काढून घेता येत नाही. आईला हे पूर्ण पटलेलं नाही. मुलीने अर्ज टाकला आहे.

जाता जाता : मेलबर्नची शर्यत आपल्याकडे ७ मार्चला, शनिवारी रात्री उशिरा दिसेल. कॅडिलॅक पहिल्या दहांत यावी अशी माझी अपेक्षा नाही, दोन्ही गाड्या शेवटपर्यंत धावल्या तरी पुष्कळ. आमच्याकडे टीव्ही मोठा आहे, चहा मिळेल. येताना भडंग घेऊन या.