माळ्यावरची पेटी आणि थांबलेला राजपुत्र



शेतकऱ्याच्या घरातला माळा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मोडकी तिफण, गळकी घागर, आजोबांची काठी, जे वापरात नाही आणि टाकवतही नाही, ते सारे तिथे जाऊन बसते. आमच्या माळ्यावर दादांची एक पत्र्याची पेटी आहे. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. तरुणपणीच ते मुंबईला गेले, मुलुंडच्या चाळीत संसार केला आणि कारखान्यात जन्मभर लेथ चालवली. आता ते बोरिवलीला मुलाकडे असतात. मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, अंधेरीच्या एका कचेरीत कॉम्प्युटरचेच काम करतो.

गेल्या दिवाळीत घर रंगवायला काढले, तेव्हा ती पेटी खाली आली. आत जुने सातबारे, पतपेढीची पासबुके आणि रुमालात बांधलेल्या तीन काळ्या चौकोनी वड्या. तळहातावर मावतील एवढ्या. घरातल्या पोरांना त्या काय आहेत ते कळेना. मला मात्र ओळख पटली. त्या होत्या फ्लॉपी, कॉम्प्युटरचा मजकूर साठवायच्या जुन्या चकत्या. त्यांच्यापायी एके काळी दादांच्या घरात केवढे रामायण झाले होते, तेही आठवले.

१९९६ साली दादांनी पतपेढीचे कर्ज काढून एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला. पोरगा शिकेल, आपल्यासारखा तेलात हात घालणार नाही, ही आशा. पोरगा शिकलाही, पण शिकला एक खेळ. त्याचे नाव प्रिन्स ऑफ पर्शिया. इराणच्या बादशहाचा दुष्ट वजीर राजकन्येला कोंडतो आणि तिला एका तासाची मुदत देतो. तिचा प्रियकर तळघरात कैद. त्याने बारा टप्पे पार करून, खड्डे, सुळे आणि पहारेकरी चुकवून साठ मिनिटांत तिच्यापर्यंत पोहोचायचे. गडी पडला, मेला, तरी त्या टप्प्याच्या सुरुवातीला पुन्हा उभा राहतो. मात्र घड्याळ मागे जात नाही. गेलेली मिनिटे गेलीच.

पुतण्या दहावीत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये चाचणी परीक्षेत गणितात नापास झाला. त्या संध्याकाळी दादा कामावरून आले, तर हा खेळतच होता. दादांनी सरळ भिंतीवरचे बटण बंद केले. आठवड्याभरात कॉम्प्युटर विकला. पोरगा पुढे शिकला, नोकरीला लागला, बापाला नीट सांभाळतोही. पण दोघांत कामापुरते बोलणे राहिले ते राहिलेच. गावी आला की माझ्याशी तासभर बोलायचा आणि बापासमोर गप्प बसायचा. हे सारे मी पाहत होतो.

आता सांगा, ज्या वस्तूचा एवढा राग, ती वस्तू दादांनी रुमालात बांधून जमिनीच्या कागदांशेजारी का ठेवली असेल? मी विचारले नाही. शिमग्याआधी बोरिवलीला जायचे होते. तांदळाच्या पिशवीबरोबर तो रुमालही घेतला.

पुतण्याने रुमाल उघडला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, ह्या वाचायला आता यंत्रच नाही.”

मंडळी, इथे खरी गोष्ट सुरू होते. आजच्या कॉम्प्युटरला फ्लॉपी घालायची खाच नसते. म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या बाजारातून, तारेने जोडायचे एक छोटे यंत्र आणले. पहिली फ्लॉपी घातली, नुसती घरघर. आतल्या पातळ चकतीवर बुरशी धरली होती. दुसरी अर्धीच वाचली गेली. तिसरी मात्र पूर्ण उतरली. एका फ्लॉपीत मावते किती? १.४४ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोही त्याहून मोठा असतो. अख्खा खेळ त्यात बसला होता.

खेळ उतरला, पण चालेना. का? तर तो लिहिला होता डॉस नावाच्या जुन्या पद्धतीसाठी. आजच्या यंत्राला ती भाषा कळत नाही. शिवाय त्या काळच्या कित्येक खेळांची चाल यंत्राच्या वेगावर बसवलेली असे. असे पाहा, मोटेवरचे गाणे बैलांच्या चालीवर म्हणायचे. बैल सोडले आणि विजेचा पंप लावला, तर पाणी धो धो येईल, पण ते गाणे कुठे बसणार? तसेच जुना खेळ नव्या यंत्रावर नुसता सोडला तर माणसे वाऱ्यासारखी धावतात आणि खेळणाऱ्याचे बोट हलण्याआधी खेळ खलास होतो.

यावर जगातल्या हौशी मंडळींनी एक तोड काढली आहे. डॉसबॉक्स नावाचा कार्यक्रम २००२ पासून फुकट मिळतो. तो नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचे सोंग उभे करतो. जुना पडदा, जुना आवाज आणि जुनी संथ चालही. खेळाला वाटते आपण आपल्याच घरी आहोत, आणि तो मुकाट्याने चालू लागतो. पंपाच्या पोटात बैलांची मोट चालवल्यासारखेच की!

पुतण्याने आधी त्या साऱ्याची दुसऱ्या जागी नक्कल करून ठेवली. ती होईतो त्याने या खेळाच्या जन्माची हकीकत सांगितली, तीही ऐकण्यासारखी आहे. हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धापा टाकत पळतो. १९८९ साली खेळ ॲपल टू या यंत्रावर आला. दुसऱ्या वर्षी आपल्याकडे चालणाऱ्या यंत्रांवरही आला, आणि पुढे त्याचे अनेक भाग निघाले. पण त्या पहिल्या खेळाचा मूळ लिहिलेला मजकूर, म्हणजे त्याचे बियाणेच म्हणा, हरवले होते. मेकनरने खूप शोधले. अखेर २०१२ साली त्याच्या वडिलांना कपाटात एक खोके सापडले. त्यात त्या फ्लॉपी होत्या. जाणकारांना बोलावून, जुनी यंत्रे जोडून, त्यांनी तो मजकूर उतरवून घेतला आणि साऱ्या जगाला वाचायला खुला केला.

हे ऐकताना मी दादांकडे पाहिले. दादा खिडकीबाहेर पाहत होते. बाप अमेरिकेतला असो की मुलुंडच्या चाळीतला, मुलाची वस्तू त्याच्या हातून टाकवत नाही, हेच खरे.

खेळ सुरू झाला. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, “थांबा, इथे एक फाईल आहे.” तिच्यावर तारीख होती ऑगस्ट १९९७. या खेळात तिसऱ्या टप्प्यापासून दोन बटणे एकदम दाबली की कुठवर आलो ते साठवता येते. पुतण्याने ते उघडले. पडद्यावर आले: टप्पा सातवा, चौतीस मिनिटे शिल्लक.

दादांनी विचारले, “हे काय?”

“बाबा, त्या दिवशी तुमची पावलं जिन्यावर वाजली. मी पटकन साठवून ठेवलं. मग तुम्ही बटण बंद केलंत.”

घरात कोणी बोलेना. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या. पडद्यावर तो गडी तसाच उभा होता. अठ्ठावीस वर्षे तो पेटीत, जमिनीच्या कागदांशेजारी, चौतीस मिनिटे हातात धरून थांबला होता.

दादा म्हणाले, “पाच मिनिटं थांबलो असतो तरी चाललं असतं मला.” आणि थोड्या वेळाने, “खेळ की आता. बघतो मी.”

पुतण्या खेळला. बोटे विसरली होती. दोनदा पडला, एकदा पहारेकऱ्याच्या तलवारीने गेला. घड्याळ पुढे सरकत होते. त्याचा दहा वर्षांचा मुलगा ओरडून सांगत होता आणि दादाही खुर्ची पुढे ओढून, “अरे, उडी मार, उडी!” म्हणत होते. सातवा टप्पा पार झाला. आठव्यात दार बंद पडून गडी आत अडकतो. तेव्हा राजकन्या एक पांढरा उंदीर पाठवते आणि तो कळीवर चढून दार उघडतो. पुतण्याने हे पूर्वी कधी पाहिलेच नव्हते. दादा खळखळून हसले. म्हणाले, “गणपतीचं वाहन आलं बघ!”

पुढे दहाव्या टप्प्यात साठ मिनिटे संपली. राजकन्या काही सुटली नाही. दादा म्हणाले, “पुन्हा काढ ते चौतीसवालं.” नक्कल होतीच. रात्रीचे जेवण त्या दिवशी साडेदहाला झाले.

मंडळी, जुने नव्यावर आणायची दुसरीही वाट असते, ती म्हणजे सारे पहिल्यापासून नव्याने बांधणे. ती किती अवघड, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. याच मालिकेतला ‘सँड्स ऑफ टाइम’ हा भाग २००३ साली कॅनडात मॉन्ट्रियलला तयार झाला होता. तो नव्याने बनवण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबईच्या शाखांकडे दिले आणि सप्टेंबर २०२० मध्ये तशी घोषणा केली. खेळ यायचा होता जानेवारी २०२१ मध्ये. तारीख पुढे गेली, आणखी पुढे गेली. मे २०२२ मध्ये ते काम परत मॉन्ट्रियलला नेले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ते रद्दच केले. आपल्या पोरांनी मेहनत केली नसेल असे कोण म्हणेल? पण जुने घर पाडून तसेच्या तसे उभारणे, हे वासे बदलून घर राहते ठेवण्यापेक्षा कधीही महाग पडते. मूळ खेळ मात्र ज्यांनी जपून ठेवले, त्यांच्याकडे चालतात. पोलंडमधल्या एका कंपनीने तर २००८ पासून जुने खेळ नव्या यंत्रावर चालतील असे करून विकण्याचा धंदाच सुरू केला आणि तो चालला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात ना फ्लॉपी ना राजपुत्र, आम्हाला याचे काय? आहे, तुम्हालाही आहे. तुमच्या लेकीच्या लग्नाची सीडी कुठे आहे? ती लावायचे यंत्र अजून चालते का? आईच्या आवाजातल्या ओव्यांची कॅसेट कुणाकडे असेल, बाबांचा शेवटचा फोटो जुन्या मोबाइलमध्ये असेल. वस्तू राहते, पण वाचणारे यंत्र जाते, आणि मग वस्तू असून नसल्यासारखी होते. आपण बियाणे दहा वर्षे कणगीत ठेवून देतो का? दर साल पेरतो, तेव्हाच ते जिवंत राहते. हेही तसेच.

म्हणून तीन गोष्टी करा. जे मोलाचे आहे त्याच्या दोन नकला करा आणि त्या दोन घरांत ठेवा, एक गावी, एक मुंबई-पुण्याच्या नातलगाकडे. वर्षातून एकदा, धान्याला ऊन दाखवता तेव्हाच, त्या उघडून पाहा. जुने यंत्र मोडीत घालण्याआधी आतले नव्यावर उतरवून घ्या. शहरातला शिकलेला पुतण्या, भाचा सणाला आला की त्याला हे काम सांगा. त्यालाही आवडेल.

आणि चौथी गोष्ट, बापमाणसांना. पोरगे खेळात बुडाले तर रागवा, अभ्यासाला बसवा, तो तुमचा हक्कच आहे. पण बटण बंद करण्याआधी शेजारी बसून पाच मिनिटे पाहा, तो काय करतो आहे ते. दादांना ती पाच मिनिटे अठ्ठावीस वर्षांनी मिळाली. सगळ्यांच्या पेटीत ती शिल्लक असतीलच असे नाही.

परवा दादांचा फोन आला होता. नातवाने अकरावा टप्पा गाठला आहे म्हणे. मागून पुतण्या मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता आणि दादा त्याला, “अरे, मला बोलू दे की,” म्हणत होते. तेवढे ऐकले आणि मी फोन ठेवला.

असो. पुढच्या अंकी भेटूच.