आधी बोट, मग बाजार

हाँगकाँगला निघालेल्या मंडळींच्या सामानात एक वस्तू हमखास असते : यादी. जाऊबाईंना पर्स, मेहुण्याला घड्याळ, शेजारच्या बंडूला विजेवर चालणारे कसलेसे खेळणे. चार दिवसांच्या मुक्कामातले दोन दिवस ही यादी खाते आणि उरलेले दोन प्रवासी कंपनीची बस. परत आल्यावर विचारावे, "काय पाहिलेत?" तर उत्तर येते, "उंच इमारती!" अहो, उंच इमारती आता आपल्या परळलाही पुष्कळ झाल्या. त्यांच्यासाठी पासपोर्ट कशाला काढायचा?

हाँगकाँग हे मुळात बंदर आहे. मध्ये समुद्राची पट्टी, दक्षिणेला हाँगकाँगचे बेट आणि उत्तरेला कौलून. गाव कळायचे तर हे पाणी ओलांडले पाहिजे, आणि तेही पाण्यावरूनच. १९७२ साली मोटारींसाठी समुद्राखालून बोगदा झाला, १९८० पासून भुयारी रेल्वेही धावू लागली. सोयी उत्तम, पण समुद्र काही दिसत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी कौलूनच्या त्सिम शा त्सुई धक्क्यावर जा आणि हिरव्यापांढऱ्या 'स्टार फेरी'त बसा. भाडे इतके थोडे, की तिथल्या उपाहारगृहात चहाच्या पेल्याला त्याहून जास्त मोजावे लागतात. खालच्या मजल्यावर इंजिनाची धडधड आणि तेलाचा वास. आईवडील बरोबर असतील तर वरच बसावे.

या बोटीला पुढचे आणि मागचे तोंड सारखेच. पलीकडे पोचल्यावर ती वळत नाही, तशीच उलट निघते. वळतात ती माणसे : लाकडी बाकांची पाठ सरकवायची की तोंड दुसऱ्या बाजूला! मुले या खेळावरच खूष होतात. बाकांना चांदणीच्या आकाराची भोके आहेत आणि प्रत्येक बोटीच्या नावात एक तारा.

आणि ही फेरी सुरू केली कोणी? दोराबजी नवरोजी मिठाईवाला नावाच्या पारशी गृहस्थाने! हा मूळचा स्वयंपाकी. त्याने १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली. १८९८ साली तिची 'स्टार फेरी' झाली. धक्क्यापासून थोडे चालले की मोडी रोड लागतो. तो सर होरमसजी मोडींच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला भरघोस देणगी देणारे तेच.

बोगदा नव्हता तेव्हा नोकरदार, विद्यार्थी, भाजीवाले सारे रोज याच बोटींनी ये-जा करीत. १९६६ साली वरच्या वर्गाचे भाडे पाच सेंटांनी वाढणार असे ठरले, तर एका तरुणाने धक्क्यावर उपोषण आरंभले आणि पुढे शहरात दंगल पेटली. पाच सेंटांसाठी! भाऊच्या धक्क्यावरून ज्यांनी उरण-रेवसच्या लाँचची वाट पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

बोटीतून पाहताना एक गोष्ट जरूर ध्यानात घ्या. दोन्ही काठ एकमेकांकडे सरकत आले आहेत. बेटावरचा क्वीन्स रोड एके काळी पाण्याच्या कडेने जात असे. आज तिथून समुद्रापर्यंत पोचायला बऱ्याच इमारती ओलांडाव्या लागतात. भराव घालघालून जमीन वाढली, बंदर आकसले. अखेर १९९७ साली बंदराच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला. तरीही २००६ मध्ये बेटावरचा जुना धक्का भरावासाठी हलवला गेला; लोकांनी निदर्शने केली, पण त्यावरचा घड्याळाचा मनोरा पाडला तो पाडलाच. सुदैवाने कौलूनकडचा, जुन्या रेल्वे स्टेशनचा ४४ मीटर उंचीचा मनोरा अजून उभा आहे. स्टेशन मात्र १९७८ साली गेले. २०२० नंतर प्रवासी रोडावले, तसा फेरी कंपनीलाही तोटा सोसावा लागला. म्हणून म्हणतो, ही सफर 'पुढच्या खेपेला' असे म्हणून टाकू नका.

पलीकडे उतरल्यावर ट्राम. मुंबईची ट्राम १९६४ साली गेली. बेटावरची, १९०४ मध्ये सुरू झालेली, अजून घंटा वाजवीत चालते, आणि तीही दुमजली. मागून चढायचे, पुढून उतरताना पैसे टाकायचे. सुटे जवळ ठेवा. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर निम्मे शहर फुकटात पाहून होते. शिखरावर नेणारी पीक ट्राम निराळी. ती १८८८ सालची. तिथे गर्दी फार, म्हणून सकाळीच गाठावी. चढावरच्या वस्तीत नेणारा सरकता जिना सकाळी १० पर्यंत खाली येतो, मगच वर जातो. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी १० नंतर निघावे.

दिवाळीनंतरची हवा उत्तम. उन्हाळा-पावसाळ्यात वादळे येतात आणि ८ नंबरचा बावटा लागला की बोटी बंद. निघण्यापूर्वी भारतीय पासपोर्टवाल्यांना इंटरनेटवर पूर्वनोंदणी करावी लागते, ती विसरू नये.

राहता राहिला शाकाहार. भाजीच्या नावाखाली आलेल्या ताटात कालवांचा रस्सा किंवा डुकराची चरबी असू शकते. विचारल्याशिवाय घास घेऊ नये. त्सिम शा त्सुईत चुंगकिंग मॅन्शन्समध्ये आपल्याकडचे जेवण मिळते, आणि लांताव बेटावर मोठ्या बुद्धाजवळच्या पो लिन मठात शुद्ध शाकाहारी पान वाढतात. मात्र आधी २६८ पायऱ्या चढून बुद्धाचे दर्शन घ्यावे, म्हणजे भूकही चांगली लागते.