रनफ्लॅट काढून साधे टायर टाकताय? मग स्टेपनीचं काय?

सप्टेंबर २०२५ मधला एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. समृद्धी महामार्ग, छत्रपती संभाजीनगरजवळचा भाग, रात्रीची वेळ. रस्त्यात खिळ्यांसारखं काहीतरी रोवलेलं आणि पंक्चर झालेल्या गाड्या कडेला उभ्या. लुटमारीसाठी कुणीतरी खिळे ठोकले, अशी चर्चा लगेच सुरू झाली. मग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने खुलासा केला की, हे खिळे नाहीत. रस्त्याला पडलेल्या बारीक भेगांमध्ये इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल आहेत.

आता खिळा असो की नोझल, टायरला त्याचं काही देणंघेणं नसतं. तो बसतोच. आणि मध्यरात्री महामार्गावर टायर बसला की पुढे काय होणार, हे तुमच्या डिकीत काय आहे यावर ठरतं. अडचण अशी आहे की आज अनेक गाड्यांच्या डिकीत स्टेपनीच नसते. काही गाड्यांमध्ये तिच्या बदल्यात रनफ्लॅट टायर दिलेले असतात. आणि गाडी जुनी झाली की मालक पहिल्यांदा काय करतो? तेच रनफ्लॅट काढून साधे टायर टाकतो.

हा निर्णय बरोबर की चूक? सविस्तर समजून घेऊ.

रनफ्लॅट म्हणजे नेमकं काय?

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, दुमडते आणि रिम रस्त्याला टेकतो. रनफ्लॅटमध्ये ही साइडवॉल जाड आणि कडक रबराने मजबूत केलेली असते. हवा पूर्ण गेली तरी ती काही काळ गाडीचं वजन तोलून धरते.

किती काळ? बहुतेक कंपन्यांचा आकडा एकच आहे: ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर. म्हणजे साधारण एक तास. गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल, तर त्याहून कमी.

तुमच्या गाडीला रनफ्लॅट आहेत की नाहीत, हे टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. ब्रिजस्टोनवर ‘आरएफटी’, कॉन्टिनेन्टलवर ‘एसएसआर’, गुडइयरवर ‘आरओएफ’, मिशेलिनवर ‘झेडपी’. इथे झेडपी म्हणजे जिल्हा परिषद नाही, ‘झीरो प्रेशर’.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. एक, रनफ्लॅट खिळ्यावरचा इलाज आहे, खड्ड्यावरचा नाही. धारदार कडेच्या खड्ड्यात आदळून साइडवॉलच फाटली किंवा रिमला भेग गेली, तर रनफ्लॅटही तुम्हाला पुढे नेत नाही. दोन, रनफ्लॅटमधली हवा गेल्याचं ड्रायव्हरला सहज जाणवत नाही. म्हणून या टायरसोबत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, चालू असलीच पाहिजे.

मग लोक ते काढतात कशाला?

पहिलं कारण, रस्ते. जी कडक साइडवॉल पंक्चरमध्ये वाचवते, तीच रोजच्या खड्ड्यात कंबरडं मोडते. साधा टायर थोडा दबून धक्का गिळतो. रनफ्लॅट तो धक्का रिम, सस्पेन्शन आणि पाठीच्या मणक्याकडे पाठवून देतो.

दुसरं कारण, पैसा आणि उपलब्धता. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा रनफ्लॅट महाग असतो. त्यात १२ जून २०२० रोजी केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने गाड्यांच्या नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘मर्यादित’ यादीत टाकली. म्हणजे परवाना घेतल्याशिवाय टायर बाहेरून आणता येईना. देशी टायर उद्योगाला बळ मिळावं, हा हेतू होता. पण महागड्या गाड्यांचे खास टायर बऱ्याच अंशी बाहेरूनच यायचे, त्यामुळे ते मिळणं अवघड झालं.

तिसरं कारण, दुरुस्ती. हवा गेलेल्या अवस्थेत चाललेला रनफ्लॅट आतून किती खराब झालाय, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक कंपन्या तो पुन्हा वापरू नका, असंच सांगतात. शिवाय ही कडक साइडवॉल रिमवरून उतरवायला जादा आर्म असलेलं मशिन लागतं. हातोडा आणि पट्टीने ते काम करायला गेलं की रिम खराब होतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फक्त बड्या लोकांचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये एका गटाने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या आणि त्याची देशभर बातमी झाली होती. महागड्या गाड्यांची हौस इथे जुनी आहे. पण नवी गाडी काही वर्षांनी सेकंड हॅण्ड होते. नव्या एसयूव्हीच्या पैशात जुनी बीएमडब्ल्यू मिळते, म्हणून ती तालुक्याच्या गावात येते. गाडीची किंमत उतरते, टायरची मात्र उतरत नाही. नव्या मालकाला पहिला झटका बसतो तो इथेच.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत १०,००० रुपये धरली, तर एका टायरमागे कर २,८०० ऐवजी १,८०० रुपये. चार टायरमागे ४,००० रुपये वाचतात. हा पैसा वाचला की जातो कुठे, हाच पुढचा मुद्दा आहे.

स्टेपनी गेली कुठे?

‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो मराठीच वाटतो. मूळ मात्र ब्रिटनमधल्या वेल्सचं. तिथल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू केला. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं, त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. चाकाला तेच नाव पडलं.

शंभरेक वर्षं ही स्टेपनी गाडीचा हक्काचा भाग होती. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि चित्र बदललं. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील आणि कंपनीने पंक्चर दुरुस्तीचा किट व टीपीएमएस दिलं असेल, तर स्टेपनी देण्याचं बंधन राहिलं नाही. जागा वाचते, वजन कमी होतं, इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीसाठी जागा मिळते, अशी त्यामागची कारणं होती.

सूट मिळाली, पण अट घालून. स्टेपनी नाही, तर बदल्यात काहीतरी हवंच. रनफ्लॅटवाल्या गाडीत ते ‘काहीतरी’ म्हणजे टायर स्वतःच. तो काढला की तुम्ही फक्त टायर बदलत नाही, गाडीची स्टेपनीही काढून टाकता. बिलात हे कुठे लिहिलेलं नसतं आणि दुकानदारही सांगेलच असं नाही.

पाचोडच्या रस्त्यावर हिशोब कसा लागतो?

पाचोड हे पैठण तालुक्यातलं गाव, धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ वरचं. संभाजीनगरहून निघालात की आडूळ, पाचोड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई आणि मग बीड. मोसंबीच्या मोठ्या बाजारामुळे पाचोडला हंगामात मालवाहू गाड्यांची रीघ लागते. शिवाय उत्तरेतून दक्षिणेत जाणारी जड वाहतूक याच रस्त्याने चालते.

समजा, रात्री दोन वाजता पाचोडच्या पुढे टायर बसला. गाडीला चांगले रनफ्लॅट असतील, तर संभाजीनगर साधारण ५० किलोमीटरवर आहे. वेग ८० च्या खाली ठेवून तुम्ही शहरापर्यंत पोहोचू शकता. निदान उजेडाच्या ढाब्यापर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत तरी नक्की जाल.

साधे टायर आणि स्टेपनी असेल, तर अर्धा तास घाम गाळून चाक बदलाल. साधे टायर आणि किट असेल, तर लहान खिळ्याचं काम भागेल. आणि यातलं काहीच नसेल, तर टो करणारी गाडी येईपर्यंत कुटुंबासह अंधारात थांबावं लागेल. महामार्गावरच्या पंक्चर दुकानात ट्रकचा टायर डोळे मिटून निघतो. पण १८ इंची अलॉय व्हीलवर बसेल असा लो-प्रोफाइल टायर तिथे मिळत नाही.

गंमत बघा. याच जिल्ह्यात शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात. वाळूजला गुडइयर टायर बनवतं. तरीही त्या रात्री तुमच्या कामाला येणार ते फक्त डिकीतलं सामान.

खरा धोका खोळंबा होण्याचा नाही. खरा धोका मागून येणाऱ्या ट्रकचा आहे. अंधारात, कडेला, रस्त्याकडे पाठ करून चाक बदलणारा माणूस ट्रकवाल्याला शेवटच्या क्षणी दिसतो. रनफ्लॅटचं मोल इथे आहे. तो प्रवास वाचवतो असं नाही, थांबायची जागा निवडायची संधी देतो.

बदलायचेच असतील तर काय पाहायचं?

रनफ्लॅट काढणं चूक नाही. फक्त काम अर्धवट सोडू नका.

- चारही बदला. दोन रनफ्लॅट, दोन साधे असं करू नका. दोन्हींचा कडकपणा वेगळा, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक मारताना गाडी वेगळी वागते.

- आकडे जुळवा. समजा टायरवर ‘२२५/४५ आर १७, ९१ डब्ल्यू’ असं लिहिलंय. यात ९१ म्हणजे एका टायरची ६१५ किलोची क्षमता आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवीन टायर त्याच मापाचा आणि किमान तेवढ्याच क्षमतेचा घ्या. ‘हाही बसतो’ यावर जाऊ नका. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

- तारीख वाचा. साइडवॉलवर ‘डीओटी’च्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर उचलू नका.

- टीपीएमएस रीसेट करा. काही गाड्यांत चाकात सेन्सर असतो, काहींत चाकाच्या फिरण्यावरून दाबाचा अंदाज घेतला जातो. टायर बदलल्यावर दोन्हींची नीट नोंद करावी लागते, नाहीतर इशारा चुकीचा येतो किंवा येतच नाही.

- डिकी भरा. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, पंक्चरच्या स्ट्रिप, टॉर्च, रिफ्लेक्टरचा त्रिकोण. सीलंटच्या बाटलीला मुदत असते, ती तपासा. जागा असेल, तर त्याच गाडीला बसणारी छोटी स्पेस-सेव्हर स्टेपनी घ्या. रनफ्लॅटवाल्या गाडीसोबत अनेकदा जॅक आणि पानाही मिळत नाही. स्टेपनी घेतली आणि जॅकच नसेल, तर उपयोग शून्य.

मधला मार्गही आहे. कॉन्टिनेन्टल, पिरेली अशा कंपन्यांच्या सेल्फ-सीलिंग टायरमध्ये आतून चिकट थर असतो. कॉन्टिनेन्टलच्या दाव्यानुसार साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचं छिद्र तो स्वतःच बुजवतो. धक्के रनफ्लॅटइतके बसत नाहीत. पण साइडवॉल फाटली, तर तोही हात वर करतो.

आणि कायदा काय म्हणतो?

कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. त्याहून गुळगुळीत झालेला टायर रस्त्यावर आणता येत नाही, मग तो रनफ्लॅट असो की साधा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टायर फुटून झालेला अपघात म्हणजे देवाची करणी, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला होता. २०१० साली पुण्याहून मुंबईला जाताना टायर फुटून कार दरीत कोसळली आणि एकाचा मृत्यू झाला. विमा कंपनीचं म्हणणं होतं की ही ‘देवाची करणी’ आहे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जादा वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणं असतात. निघण्याआधी टायर तपासणं चालवणाऱ्याचं काम आहे आणि ते न करणं हा माणसाचा निष्काळजीपणा, असं न्यायालयाने सांगितलं. सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम राहिली.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, चाळिशीपार तापमानात, हे वाक्य डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावं असं आहे. हवा तपासायची ती सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना.

थोडक्यात काय?

रात्रीचा प्रवास जास्त असेल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, घरातली बाई एकटी गाडी चालवत असेल आणि डिकीत स्टेपनीला जागा नसेल, तर रनफ्लॅटचा जादा पैसा वाया जात नाही. बहुतेक फिरणं शहरात किंवा दिवसाउजेडी असेल आणि खड्ड्यांनी जीव नकोसा केला असेल, तर साधे टायर टाका, खुशाल टाका. पण त्यात वाचलेले पैसे आधी डिकीत घाला, मग खिशात.

आणि तरीही अडकलात, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतीची हेल्पलाइन २४ तास चालू असते. पार्किंगचे दिवे लावा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा आणि मगच फोन लावा.