एकेक डोळा झाकून पाहा

मोहाडी तालुक्यातील आंधळगावात मागावर कोशाचा धागा तुटला की विणकर तो शोधून लगेच जोडतो. शेजारी असंख्य धागे ताणलेले असतात, पण कोणता जरा पुढे आणि कोणता मागे हे त्याच्या बोटांना आधीच कळलेले असते. तेच काम एक डोळा मिटून करायचे म्हटले तर हात चाचपडू लागतो. सुईत दोरा ओवून पाहिला तरी हा फरक कोणालाही अनुभवता येईल. अंतराचा हा हिशेब मेंदू करतो. तो शिकण्याची त्याची खरी मुदत मात्र बालपणातच असते. भंडारा जिल्ह्यातील अंगणवाड्यांमध्ये होणाऱ्या नेत्रतपासणीचे महत्त्व या मुदतीमुळे आहे.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की बोट इकडून तिकडे उडी मारते, ती यामुळेच. इंग्लंडचे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये आरशांचे एक उपकरण मांडून दाखवले, की कागदावरची दोन सपाट चित्रे प्रत्येक डोळ्याला वेगवेगळी दाखवली तर मेंदू त्यांतून एक उठावदार वस्तू घडवतो. चांगली नजर असलेल्या माणसाला हाताच्या अंतरावरचा मिलिमीटरहूनही कमी फरक असा ओळखता येतो. शंभर मीटरवर मात्र याच पद्धतीने काही मीटरांचा फरकही जेमतेम कळतो. म्हणजे ही देणगी मुख्यतः हाताशी असलेल्या कामांची आहे.

एका डोळ्याने जग सपाट होते असे नाही. सावली, वस्तूचा आकार, एकीने दुसरीला झाकणे, मान हलवली की जवळच्या गोष्टी झरकन सरकणे, या खुणाही मेंदू वापरतो. १९६१ मध्ये अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेल्यावरही मन्सूर अली खान पतौडी भारताचे कर्णधार झाले आणि त्यांनी कसोटीत द्विशतक ठोकले. पण तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांच्या मेंदूचे शिक्षण दोन्ही डोळ्यांवर पूर्ण झाले होते.

लहान मुलाचे तसे नसते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदूतील बहुतेक पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या. मोठ्या मांजरांत असे घडले नाही. या शास्त्रज्ञांना १९८१ चे नोबेल मिळाले.

माणसाच्या मुलात असेच घडते, त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. नाव अन्यायकारकच, कारण आळस डोळ्याचा नसतो. एका डोळ्याचा नंबर जास्त असला, तो तिरळा असला किंवा त्यात जन्मतः मोतीबिंदू असला, की मेंदू त्याचे चित्र बाजूला सारतो. जगभरच्या पाहण्यांत शंभरात एक ते तीन मुलांत हा दोष आढळतो. मूल तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सगळे चालते. तिरळेपणा निदान दिसतो तरी. पण तो भाग्याचे लक्षण समजून किंवा ‘मोठेपणी सरळ होईल’ म्हणून सोडून दिला जातो. सहा महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवा. क्वचित ती डोळ्यातील गाठीचीही खूण असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यानुसार अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हायची असते. नियम पुरेसा आहे, प्रश्न हाताळणीचा आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला, तर आळशी डोळ्याचे मूल हमखास उत्तीर्ण होते. म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्र तपासला गेलाच पाहिजे. अक्षरे न येणाऱ्यांसाठी चित्रांचा तक्ता चालतो. त्याहून लहान बाळाचा एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावा. एकाच बाजूचा हात ते ढकलून देत असेल, तर दुसऱ्या डोळ्याविषयी शंका घ्यायला जागा आहे. हे घरी आजीलाही करता येईल.

उपचार महागडे नाहीत. काही मुलांना नुसता चष्मा पुरतो, तर काहींच्या चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावावी लागते. मध्यम दोषात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. सात वर्षांनंतरही काहींना फायदा होतो, पण जितका उशीर तितकी सुधारणा अवघड. आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ जुळायचा तो लहानपणीच.

अडचण वेगळीच आहे. रोवणीच्या दिवसांत आईबाप बांधीत असतात. दुपारी पट्टी सांभाळायची कोणी, आणि लाखांदूरहून जिल्हा रुग्णालयाच्या फेरीसाठी मजुरी बुडवायची कशी? पट्टीचे दोन तास अंगणवाडीतच ठेवले आणि सेविकेकडे तशी नोंदवही दिली, तर पहिला प्रश्न सुटतो. दुसऱ्यासाठी नेत्रतज्ज्ञांनी महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात बसावे. तपासणीत सापडलेली किती मुले डॉक्टरांपर्यंत पोहोचली, हा आकडाही जिल्हा परिषदेने दर तीन महिन्यांनी तालुकावार जाहीर करावा.