परदेशाची वाट कुणाला विचारावी?

मेहकर-लोणारच्या वाटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामी हिंडले, आणि ते जिथे थांबले, बसले, निजले त्या जागांची नोंद त्यांच्यामागे महानुभावांनी ‘स्थानपोथी’त केली. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, एवढे नेमके त्यात सांगितलेले असते. वर्णनाचा फुलोरा नाही, कारण मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला ती जागा सापडावी, हाच तिचा हेतू. आधुनिक वाचकांसाठी ही पोथी संपादित केली ती मेहकर-लोणारच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलच्या वि. भि. कोलते यांनी. जो स्वतः जाऊन आला त्यानेच वाट सांगावी, ही शिस्त आपल्या मातीत इतकी जुनी आहे.

ती शिस्त सुटली की काय होते, हे एकोणिसाव्या शतकाने दाखवले. १८३४ नंतर मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले आणि रत्नागिरीकडची मराठी कुटुंबेही मुंबईच्या बंदरातून तिकडे गेली. त्या कराराचा अर्थ निरक्षर माणसाला समजावणारा बहुधा भरती करणाराच असे, आणि त्याची कमाई माणूस जहाजावर चढण्यावर अवलंबून असे.

आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी झालेला काही वर्षांचा पत्रव्यवहार होता. विश्वासाचे माणूस त्यांना लाभले, पण त्या जिथे शिकल्या त्या फिलाडेल्फियाचा हिवाळा पत्रांतून पुरता कळणारा नव्हता. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात पुण्यात क्षयाने गेल्या. त्या पदवीदानाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी मात्र १८८९मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे अख्खे पुस्तक मराठीत लिहून पाहिलेला देश मागच्यांच्या हाती दिला. हे ऋण आपण फार लवकर विसरलो.

आज आपल्या गावातला तरुण आखातात कामाला किंवा जॉर्जियात डॉक्टरकीला निघतो, तेव्हा माहितीचा पूर असूनही तो शेवटी ऐकतो एजंटचेच. आणि एजंटची कमाई आजही मुलगा विमानात बसण्यावरच ठरते. १९८३च्या उत्प्रवास कायद्याने भरती करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली, सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याचे नाव तपासता येते. परदेशातला वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि तिथल्याच १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह नसेल, तर २०२१च्या नियमांनुसार त्याच्या बळावर भारतात डॉक्टरकी करता येत नाही. शेत गहाण टाकण्याआधी हे किती बापांना कुणी सांगितलेले असते? फेब्रुवारी २०२२मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून मुले परतू लागली, तेव्हा कितीतरी घरांना तिथल्या शिक्षणाच्या अटी पहिल्यांदा समजल्या.

म्हणून परतलेल्यांना विनंती आहे: पगार किती ठरला आणि हातात किती पडला, पासपोर्ट कुणी काढून घेतला, वसतिगृहात हिवाळा कसा गेला, हे मराठीत, तारखांसह लिहून आपल्या गावच्या वाचनालयात ठेवा.